सहा माणसं, साडेसहाशे किलो आणि उडनाडाटा ट्रॅक

आउटबॅकसाठी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागासाठी, फोर बाय फोर घ्यायची म्हटलं की जो तो इंजिनावर बोलतो. मेलबर्नच्या ज्या शोरूममध्ये आम्ही आधी गेलो, तिथला विक्रेता तासभर एकच आकडा घोळवत होता: ही गाडी साडेतीन हजार किलो ओढते. आम्हाला काहीच ओढायचं नव्हतं. सहा माणसं बसवायची होती: मी, नवरा, दोन मुलं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. माणसं आणि सामान मिळून या गाडीत किती किलो चालतं, असं विचारल्यावर त्याला माहितीपत्रक शोधावं लागलं. ते सापडल्यावर त्याने विषय सीटच्या लेदरकडे वळवला.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या उडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याचा प्रवास करून आल्यावर माझं मत असं: इंजिन सगळ्यात शेवटी बघा. आधी पेलोड, मग टायर, मग सीट.

पेलोडचा हिशोब सोपा आहे. गाडीचं कमाल एकूण वजन, म्हणजे जीव्हीएम, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. उरेल त्यात माणसं, पाणी, तांदूळ, कुकर आणि गाडीला वरून लावलेली प्रत्येक वस्तू बसली पाहिजे. टोयोटा लँडक्रूझर २०० एवढी धिप्पाड, साडेचार लिटरचं व्ही-एट डिझेल, आणि पेलोड जेमतेम सहाशे किलोच्या आसपास. त्या साडेतीन हजार किलोंमागची गोमही इथेच आहे. तेवढा कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, मागे जोडला की त्याच्या साधारण दहा टक्के, म्हणजे ३५० किलो, हुकावर येतात आणि तेही पेलोडमध्येच धरले जातात. उरलेल्या अडीचशे किलोंत सहा माणसं कशी बसवायची ते शोरूमवाल्यालाच विचारा.

आमचा हिशोब: चार मोठे आणि दोन मुलं मिळून साडेतीनशेच्या पुढे. पुढचा बुलबार, म्हणजे बंपरवरची लोखंडी चौकट, ६५, फ्रिज भरून ४०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, दुसरी बॅटरी २५, जादा स्टेपनी ३५ ते ४०. बॅगा आणि शिधा अजून आलेलेच नाहीत. अशात अॅक्सेसरीच्या दुकानदाराने आम्हाला पत्र्याचे ड्रॉवर, टपावरचं रॅक, टपावरचा तंबू, स्नॉर्कल (पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारी नळी) आणि गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट एवढं सगळं ‘फॅमिली पॅकेज’ म्हणून लिहून दिलं. किंमत वाचून नवऱ्याने कागद घडी करून खिशात ठेवला. ते सगळं लावलं असतं तर आम्ही घरातून निघतानाच जीव्हीएमच्या वर गेलो असतो, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारते. दुकानदार याबद्दल एक अक्षर बोलला नाही. आउटबॅकमध्ये डिझेल महाग आहे म्हणून लोक ओरडतात, पण तिथे टँकर शेकडो किलोमीटर धूळ खात येतो, त्याचे पैसे द्यायला मला काही वाटलं नाही. खरी लूट शहरात, निघण्याआधीच होते.

त्यामुळे स्नॉर्कल नको. उडनाडाटा ट्रॅकवर पाऊस झाला की रस्ताच बंद होतो आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड. लिफ्ट तर म्हाताऱ्या माणसांना शिक्षा आहे. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना दिवसातून दहा वेळा चढउतार करायची होती, म्हणून आम्ही पैसे घातले ते भक्कम साइड स्टेपमध्ये आणि मागच्या जाड स्प्रिंगमध्ये. स्प्रिंगचा आग्रह सासऱ्यांचा. त्यांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गाडी बघायला आले की आधी खाली वाकतात, रंग नंतर बघतात. निघण्यापूर्वी सगळं भरून, सगळ्यांना बसवून वजनकाट्यावर जा. आम्ही गेलो आणि तिथून परत येऊन दोन खुर्च्या, तंबू आणि एक आख्खी बॅग घरी ठेवली. रात्री रोडहाऊसच्या, म्हणजे वाटेतल्या पंपाजवळच्या मुक्कामाच्या, केबिनमध्ये काढल्या. सत्तरीच्या माणसांना जुलैच्या थंडीत तंबूत झोपवू नका, वाळवंटात रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो.

आम्ही घेतली ती जुनी टोयोटा प्राडो, १५० सीरिजची डिझेल, १७ इंची रिमची. पेलोड साडेसहाशेच्या आसपास. सात सीटपैकी तिसऱ्या रांगेतली एक उघडायची आणि दुसरी पाडून तिथे सामान, एवढीच व्यवस्था होऊ शकते. सातही सीट भरल्या तर डिकीत दप्तरं मावतील, बाकी काही नाही. ‘सेव्हन सीटर’ ही शहरापुरती थाप आहे. लहान मूल मागे बसवणार असाल तर चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायला तिसऱ्या रांगेत हूक आहे का, ते हाताने चाचपून बघा, सगळ्या गाड्यांत नसतो. २०१५ ते २०२० मधली डिझेल प्राडो घेताना डीपीएफ, म्हणजे धुराच्या फिल्टरचं काम झाल्याची कागदपत्रं मागा. त्या गाड्यांतल्या दोषावर २०२२ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाचा निकाल लागलेला आहे.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. नवी प्राडो २५०: सात सीट घेतल्या तर डिकीचा तळ उंच होतो, आम्ही बघूनच परत फिरलो. इसुझू एमयू-एक्स: दिखाऊ नाही, ८० लिटरची टाकी, चौघांच्या कुटुंबाने डोळे मिटून घ्यावी. फोर्ड एव्हरेस्टचं तीन लिटरचं व्ही-सिक्स सुरेख, पण सगळ्यात महाग व्हेरिएंटला २१ इंची रिम देतात, ती घेऊन वाळवंटात जाणाऱ्याला माझा नमस्कार. निसान पॅट्रोल: ५.६ लिटरचं पेट्रोल व्ही-एट, आत दिवाणखाना, टाकी १४० लिटर. पण ती ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मागते आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या कित्येक वस्त्यांत फक्त ९१ चं ‘ओपल’ मिळतं. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा घालायला २००५ पासून नशा आणणारे घटक कमी असलेलं हे इंधन तिकडे आणलं गेलं. डिझेल घ्या, प्रश्न मिटला.

मोठ्या टाकीचा मोह मात्र धरू नका. मारी ते मार्ला हा उडनाडाटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटर, आणि मारी, विल्यम क्रीक, उडनाडाटा, मार्ला असं साधारण दर दोनशे किलोमीटरवर डिझेल मिळतं. आमच्या प्राडोच्या दोन टाक्या मिळून १५० लिटरच्या. दुसरी टाकी आम्ही या रस्त्यावर भरलीच नाही. डिझेललाही वजन असतं.

आता तो तुकडा. विल्यम क्रीक ते उडनाडाटा, दोनशे किलोमीटर. हे लिहिताना माझी कंबर अजून धरलेली आहे, तेव्हा राग थोडा कमी करून वाचा. निघण्यापूर्वी ज्यांना विचारलं त्यांतले निम्मे म्हणाले, “काही नाही हो, शंभरने गेलो.” उरलेल्या निम्म्यांच्या गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर गेले होते. दोघंही खरं बोलत होते. रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरून गेला असेल तर तो रस्ता, नसेल तर पन्हळी पत्रा. आमच्या वाट्याला पत्रा आला. पहिल्या तासात लोणच्याच्या बरणीचं झाकण सुटलं, आरसा आपोआप खाली पडायला लागला आणि मागे बसलेली धाकटी “आई, माझा आवाज बघ कसा येतो” म्हणून आ करत राहिली. तिला तेवढीच मजा.

यावर उपाय इंजिनात नाही, टायरच्या हवेत आहे. आम्ही पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय ठेवली आणि वेग ८० च्या आत. हवा कमी करून शंभरने पळवलीत तर टायर तापून फुटेल. डांबरावर आलात की परत भरा, त्यासाठी बरा कॉम्प्रेसर घ्या, स्नॉर्कलच्या पैशांत दोन येतील. टायर एलटी लिहिलेलेच घ्या, म्हणजे हलक्या ट्रकचे, आणि रिम १७ किंवा फार तर १८ इंची. वाटेतल्या दुकानांत सहज मिळतो तो १७ चा टायर. एलटी असूनही आमचा मागचा टायर धारदार दगडाने कडेला चिरला, अल्जेबकिना पुलाच्या थोडं अलीकडे. जुन्या घान रेल्वेचा तो लांबलचक लोखंडी पूल फार देखणा आहे असं सगळे म्हणतात. मी त्याच्याकडे पाठ करून डिकी रिकामी करत होते, कारण जॅक सगळ्या सामानाच्या तळाशी असतो. जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायची फळी वरच, हाताशी ठेवा. सासऱ्यांनी जॅक लावला, नवऱ्याने नट सोडवले, आणि मला उगाचच फार भारी वाटलं. पुढचे दोनशे किलोमीटर दुसरी स्टेपनी होती म्हणून झोप लागली. एका स्टेपनीवर या रस्त्याला जाऊ नका, वजन दुसरीकडे कापा.

लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराने चालवणारा गिअर, या ट्रॅकवर एकदाही लागला नाही. पुढे अॅलिस स्प्रिंग्सजवळ पाम व्हॅलीला जाताना फिंक नदीच्या पात्रातल्या खडकांवर आणि वाळूत लागला, तिथे मात्र तो गिअर हवाच. उलुरूचा खडक, किंग्ज कॅन्यनची दरी वगैरे छान झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तुम्हाला फक्त उलुरूच बघायचं असेल तर फोर बाय फोर घेऊच नका. स्टुअर्ट हायवे १९८७ पासून पूर्ण डांबरी आहे, उलुरूपर्यंतचा फाटाही डांबरी, कोरोला घेऊन जा. फक्त संध्याकाळनंतर चालवू नका, कांगारू रस्त्यावर येतात. आणि ५३ मीटर लांबीच्या रोड ट्रेनला, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेल्या ट्रकला, ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट मोकळा हवा.

भाड्याने घेणार असाल तर एक इशारा. आम्ही आधी तोच विचार केला होता. एका भाडे कंपनीने मोठ्या अक्षरांत ‘4डब्ल्यूडी’ लिहिलेली गाडी दाखवली, पैसे भरायच्या पानापर्यंत नेलं, आणि करारात बारीक अक्षरांत निघालं की कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही, गाडीच्या पोटाला आणि टपाला झालेलं नुकसान आपल्या खिशातून. म्हणून रस्त्याचं नाव घेऊन विचारा: उडनाडाटा ट्रॅकला परवानगी आहे का, एकट्या गाडीचा अपघात झाला तर विमा लागू होतो का, स्टेपन्या किती, टायर फुटला तर पैसे कोण देणार. उत्तर ईमेलवर घ्या. फोनवर सगळे हो म्हणतात.