पावसाळ्यात घटनास्थळाची तपासणी : माझा अनुभव

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये रक्ताचा डाग सापडूनही वाया जातो, आणि कारण बहुतेकदा एकच असतं: तो ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला असतो. आत दमट राहिलं की बुरशी आणि जिवाणू वाढतात, डीएनए तुटत जातो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मध्ये सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि चित्रीकरणाची तरतूद आहे. त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी फोटो आणि चित्रीकरण. आधी पूर्ण खोली, मग वस्तूंमधलं अंतर कळेल असे, शेवटी मोजपट्टीसह आणि तिच्याविना जवळून. कॅमेरा पृष्ठभागाशी काटकोनात हवा, तिरका धरला तर पाऊलखुणेचं माप चुकतं.

डाग रक्ताचाच का, हे पाहायला मी कास्टल-मेयर चाचणी करतो. डागाला पुसटसं टेकवलेल्या कापसावर आधी फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत गुलाबी झालं तर रक्ताची शक्यता. पेरॉक्साइड टाकण्याआधीच रंग आला तर तो निकाल धरायचाच नाही. ब्लीच किंवा गंजानेही असं होतं. रक्त माणसाचं आहे का, ते प्रयोगशाळाच सांगते. चाचणीचा कापूस वेगळा, डीएनएचा वेगळा.

फरशीवरचा वाळका डाग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेल्या निर्जंतुक स्वॅबवर घ्यायचा. शेजारच्या स्वच्छ फरशीचा स्वॅब नियंत्रण नमुना म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, हवाच. दोन्ही सावलीत, खोलीच्या हवेत वाळवायचे. पावसाळ्यात याला तास लागतात, आणि घाई होते ती इथेच. ऊन किंवा ड्रायर नको. ओल्या शर्टाच्या घडीत स्वच्छ कागद घालायचा, नाहीतर पुढचा डाग मागे उमटतो आणि वार कुठून झाला हे वाचता येत नाही. प्रत्येक वस्तूला नवे हातमोजे, वेगळं कागदी पाकीट. पाकिटाचा गोंद थुंकीने ओला करायचा नाही, आपलाच डीएनए त्यावर जातो.

जळिताचा नमुना मात्र उलट: हवाबंद धातूच्या डब्यात, वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवून. कागदातून पेट्रोलची वाफ निघून जाते.

शेवटी पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील. गणेशखिंडच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत मुद्देमाल देण्याआधी सोबतच्या पत्रावरचा सीलचा नमुना पाकिटावरच्या सीलशी जुळवून बघावा, आणि पंचनाम्यातलं वर्णन लेबलाशी शब्दशः.