परदेशात नाव बदलताय? आधी पासपोर्टकडे बघा

अकरा महिने लागले. त्यातले सात निव्वळ वाया. परवा नवा पासपोर्ट आला आणि मी जिन्यातच बसून तो तीनदा उघडून पाहिला, तेव्हा पुढचं सगळं जरा चढ्या आवाजात असेल, सांभाळून घ्या.

नाव का बदललं ते माझ्यापाशी. सुरुवात कुठून करायची तेवढं ऐका.

एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "इथेच नावबदलाचा दस्त करा, की झालं." दस्त एका दुपारीत झालाही. तो घेऊन रहिवास परवान्याच्या खिडकीवर गेले, तर बाईंनी माझाच पासपोर्ट माझ्याकडे वळवला आणि जुन्या नावावर बोट ठेवलं. "आम्ही हे लिहितो." विषय संपला. ब्रिटनसारख्या देशात सोळा वर्षांवरचं कुणीही डीड पोल, म्हणजे नाव बदलल्याचा स्वतः सही केलेला दस्त, करू शकतं, पण म्हणून तुमचा पासपोर्ट बदलत नाही. जर्मनीचा नामबदलाचा कायदा तर मुळात जर्मन नागरिकांसाठी, शिवाय राष्ट्रहीन आणि निर्वासितांसारख्या थोड्या लोकांसाठी आहे. बाकीच्यांनी आपापल्या देशाचं दार वाजवायचं. म्हणून पहिला फोन स्वतःच्या दूतावासाला करा. एजंटाला नंतरही करू नका.

आता तो टप्पा, ज्याने माझा जीव काढला. दूतावास म्हणे, नव्या नावाचा इथला पुरावा आणा. परवानावाले म्हणे, आधी नव्या नावाचा पासपोर्ट आणा. चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. पाचव्या खेपेला रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातात एक कागद दिसला: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. तेच हवं होतं! दूतावासातच शपथेवर सही करून मिळालं, वीस मिनिटांत. खिडकीवरच्या माणसाने चार वेळा हे का सांगितलं नाही, हे मी त्याला विचारलं. "तुम्ही विचारलं नाही," म्हणाला.

दुसरी लूट अपोस्टिलची, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर लागणाऱ्या सरकारी दाखल्याची. एजंटाने ती जणू राजमुद्रा असल्यासारखे पैसे लावले. प्रत्यक्षात ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने ठरवलेला तो एक चौकोन असतो, बाजू किमान नऊ सेंटिमीटर, आत दहा क्रमांक घातलेल्या ओळी, आणि मथळा कुठल्याही देशात फ्रेंचमध्येच. कागदातला मजकूर खरा आहे असं तो म्हणतच नाही, फक्त सही-शिक्का खरा आहे एवढंच सांगतो. तो देणारं सरकारी खातं शोधा आणि स्वतः जा. जिथे कागद दाखवायचा तो देशही करारात हवा. जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका: चीनमध्ये करार नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, कॅनडात जानेवारी २०२४ पासून.

आणि क्रम! आधी अपोस्टिल, मग भाषांतर. माझ्या एजंटाने उलटं केलं, त्यामुळे चौकोन भाषांतराबाहेर राहिला आणि भाषांतराचे पैसे दोनदा गेले. बिल अजून जपून ठेवलंय, रागाला उपयोगी पडतं.

स्पेलिंग अर्ज भरण्याआधी पक्कं करा. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यात अख्ख्या नावाला मिळून ३९ जागा. लांबलचक नाव असेल तर तिथे ते कापलं जातं.

बँक, लायसन्स, ऑफिस सुरळीत. लिहिण्यासारखं काही नाही.

जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. तो टाकू नका. चालू व्हिसा त्यातच असेल तर दोन्ही बरोबर ठेवून प्रवास करावा लागतो. तिकीट मात्र नव्या पासपोर्टवरच्या नावाने. मी पुढच्या महिन्याचं तिकीट जुन्या नावाने काढून बसलेय, आणि हे लिहिताना विमान कंपनीचं होल्डवरचं संगीत ऐकतेय. पस्तीस मिनिटं झाली.