आठव्या वाक्यापाशी अडलेला माझा लघुप्रबंध

एम.ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी मी बचत गटातल्या बायकांचा आत्मसन्मान हा विषय घेतला. मापनी, म्हणजे आत्मसन्मान मोजायची प्रश्नावली, समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्गची, १९६५ची. दहा वाक्यं, चार पर्याय. पाच वाक्यं सरळ, पाच उलटी, म्हणजे ‘सहमत’ म्हटलं की आत्मसन्मान कमी. उलट्यांचे गुण उलटे मोजायचे, म्हणजे कुणी सरसकट ‘सहमत’ म्हणत गेलं तर लक्षात येतं.

मराठी भाषांतर मी केलं. मूळ मापनी न पाहिलेल्या मैत्रिणीने ते परत इंग्रजीत नेलं. दोन्ही जुळलं, मी निर्धास्त झाले.

पूर्वचाचणीला सातारा जिल्ह्यातल्या एका गावी पंधरा जणी बसल्या. पहिल्या मावशी शेंगा फोडता फोडता उत्तरं देत होत्या. आठवं वाक्य वाचलं, ‘मला स्वतःबद्दल आणखी आदर असायला हवा होता.’ मावशी म्हणाल्या, “हवाच की गं! मान कुनाला नगं आसतो?” मी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. मापनीच्या हिशोबाने हे कमी आत्मसन्मानाचं उत्तर. आणि या मावशी म्हणजे बँकेत चार खेपा घालून गटाचं कर्ज मंजूर करून आणणाऱ्या अध्यक्षा!

रात्री क्रॉनबॅक अल्फा काढला. वाक्यांचा आपसात किती मेळ आहे ते तो सांगतो, ०.७च्या वर असला की साधारण चालतं. माझा आला ०.४१. दोन उलट्या वाक्यांचे गुण उलटवायचेच राहिले होते. ते केल्यावर आकडा सुधारला, आठवं वगळल्यावर आणखी. मी ते काढूनच टाकणार होते.

मार्गदर्शक मॅडमनी थांबवलं. “पंधरा जणींच्या अल्फावर एवढा भरवसा ठेवू नकोस. त्यांना काय समजलं ते आधी विचार.” मग त्यांनी ५३ देशांतला २००५चा अभ्यास वाचायला दिला. तिथेही अनेक ठिकाणी हेच आठवं वाक्य बाकीच्यांशी फटकून वागलं होतं. मला रडू यायचंच बाकी होतं, इतकं हायसं वाटलं.

परत गेले. सहा जणींना एकेक वाक्य त्यांच्या शब्दांत सांगायला लावलं. पाच जणींना ‘आदर’ म्हणजे लोकांनी दिलेला मान वाटला होता. प्रश्नावलीच्या कामात हा टप्पा वेळ नाही म्हणून सर्रास गाळतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मावशींनी तर वाक्यच सुचवलं, “मी मलाच कमी लेखते का, आसं इचार की सरळ.” मूळ अर्थापासून ते थोडं सरकतं, म्हणून मापनीत घेता आलं नाही. आठव्यासह आणि आठव्याविना, दोन्ही निकाल दिले, आणि मावशींचं वाक्य परिशिष्टात त्यांच्याच शब्दांत छापलं.