जर्मनीतलं गिटार-किट: आधी वाजवा, मग रंगवा

जर्मनीत इलेक्ट्रिक गिटारचं सुटं किट शंभर युरोच्या आतबाहेर मिळतं. बव्हेरियातल्या ट्रेपेनडॉर्फ या खेड्यातून थोमान हे १९५४ सालापासूनचं दुकान युरोपभर वाद्यं पाठवतं. त्यांच्या हार्ले बेंटन या घरच्या ब्रँडमध्येही अशी किटं असतात. खोक्यात कोरी बॉडी, मान, ट्युनर (तारा पिळायच्या खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पिकअप (तारांचं कंपन विजेत पकडणारा भाग) आणि स्क्रूंच्या पुड्या. नवशिक्यानं टेलिकास्टर या फेंडर कंपनीच्या जुन्या मॉडेलच्या घाटाचं घ्यावं: सपाट फळी, चार स्क्रूंवर बसणारी मान, जागचा न हलणारा ब्रिज. मान चिकटवायची किटं पहिल्या खेपेला नकोत. तिथं मिलिमीटरभर चुकलं तरी ग्लू वाळल्यावर हात चोळत बसावं लागतं.

खोकं उघडलं की हात रंगाकडेच जातो. पण आधी गिटार कोरीच पूर्ण जोडा, तारा चढवा, वाजवा. वाकडी भोकं, मान बसते ती सैल खाच, मुकं पिकअप हे सगळं तेव्हाच कळतं आणि तोवर किट परतही करता येतं. एकदा पॉलिश पेपर लावला की दुकान का परत घेईल?

पहिलं माप नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट). टेलिकास्टरची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिमी, तेव्हा हे अंतर त्याच्या निम्मं, ३२४ भरायला हवं. बारीक ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) ६४८च्या जवळ आणि जाड ई तारेचं त्याहून काही मिमी मागे जाऊ शकलं पाहिजे. मग दोन्ही ई तारांच्या जागी दोरा ताणा. मानेच्या शेवटी दोन्ही कडांना सारखी जागा उरत नसेल, तर चारही स्क्रू थोडे ढिले करून मान हातानं सरकवा आणि पुन्हा आवळा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

किटमधले स्क्रू मऊ असतात. ट्युनरच्या २ मिमी स्क्रूला दीड मिमीचं भोक आधी पाडा, ड्रिल-बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा आणि आट्यांवर मेण किंवा साबण घासा. मेपल कठीण असतं. कोरडा स्क्रू रेटला की डोकं तुटून हातात येतं आणि दांडा आत राहतो.

किटचा हेडस्टॉक, म्हणजे मानेचं ट्युनर बसतात ते टोक, पुष्कळदा वल्ह्यासारखा रुंद ठेवलेला असतो, आकार तुम्ही द्यायचा. इथल्या शाळकरी पोरांची लाउबझेगे, म्हणजे नक्षीकामाची बारीक करवत, त्याला पुरते. ट्युनरभोवती वॉशर पूर्ण टेकेल एवढं लाकूड मात्र सोडा.

आता गिटार सुटी करा आणि बॉडीकडे वळा. स्वस्त किटची बॉडी बहुधा बासवुडची असते, म्हणजे इथल्या रस्तोरस्ती दिसणाऱ्या लिंडे झाडाच्या गोतावळ्यातली. लाकूड मऊ, फिकट, रेषा जवळजवळ नाहीत. वर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा टिकला तर कारखान्यानं सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा थर, मारलेला आहे आणि लाकूडरंग आत मुरणार नाही. सीलर नसला तरी बासवुडवर पारदर्शक रंगाचे डाग पडतात, कारण लाकूड सगळीकडे सारखं पीत नाही. तेव्हा सरळ अपारदर्शक रंग घ्या. १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ओलसर फडकं फिरवा. रेशे उभे राहतील. वाळल्यावर ३२०नं हलकेच काढा. त्यावर सीलर म्हणून शेलॅक उत्तम. इथं डब्यावर ‘शेलाक’ लिहिलेलं असतं, पण आपल्या सुताराचा चपडाच तो. मेण काढलेला घ्या, नाहीतर वरचा रंग धरत नाही.

स्प्रेचे कॅन असे: प्रायमर एक, रंग एक, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) दोन, प्रत्येकी ४०० मिलि. कॅन २५ ते ३० सेंमी दूर ठेवून पातळ हात मारा. जाड हातानं ओघळ येतात. हिवाळ्यात तळघर गारठलेलं असतं, म्हणून कॅन आधी कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. शिवाय सामाईक तळघरात स्प्रेच्या वाफा शेजाऱ्यांच्या भांडणापेक्षा धोक्याच्या. बाहेर, कोरड्या दिवशीच फवारा. आणि यंत्रानं घासायचं असेल तर रविवार विसरा, इथं रविवारी शांतता पाळावीच लागते.

मानेची खाच आधी चिकटपट्टीनं झाका. आत रंगाचे थर चढले की मान ठोकून बसवावी लागते आणि कडेचा रंग तडकतो. शेवटच्या हातानंतर निदान तीन आठवडे थांबा. कोरडं झालं का हे बोटापेक्षा नाक नीट सांगतं: बॉडी हुंगून सॉल्व्हंटचा वास आला तर रंग अजून कच्चा. घाई केली की मानेमागच्या प्लेटची कड रंगात रुतते.

वायरिंगमध्ये सगळ्यांची चूक एकच: ब्रिजला जॅकच्या ग्राउंडशी जोडणारी, ब्रिजखालची वायर राहून जाते. मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या (केबल खुपसायच्या भोकाच्या) बाहेरच्या कड्याला लावा. ओहम शून्याजवळ यायला हवेत. तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी झाला तर ठीक. वाढला तर जॅकच्या दोन वायरी उलट्या आहेत.

शेवटी सेटअप. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा; सातव्या फ्रेटशी पाव मिमी फट हवी. नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, एका वेळी पाव आटाच फिरवा. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला दीड. फ्रेटची टोकं टोचत असतील तर जानेवारीतच कानशीनं घासा: हीटरनं हवा कोरडी होते, फळी आकसते आणि टोकं बाहेर येतात. उन्हाळ्यात घासलेली पुढच्या हिवाळ्यात पुन्हा टोचू शकतात. हीच गिटार पुढे मुंबईच्या पावसाळ्यात नेलीत, तर दोन आठवडे तिथल्या हवेत राहू द्या आणि मग सातव्या फ्रेटची फट पुन्हा मोजा.