असावे, पण दिसू नये

माझा मावसभाऊ गलाईच्या धंद्यात आहे. खानापूर तालुक्यातील कितीतरी कुटुंबांप्रमाणे तोही सोने-चांदी गाळण्याच्या या कामासाठी ऐन तरुणपणी कोइमतूरला गेला आणि चार पैसे हाती आल्यावर विट्याजवळच्या आपल्या गावी त्याने दुमजली बंगला बांधला. तिथे मावशी एकटी राहते. स्वयंपाकघर आणि देवघराशेजारची खोली वगळता बाकीचे दरवाजे दिवाळीला व जत्रेलाच उघडतात. गेल्या महिन्यात मी सांगलीहून तिला भेटायला गेलो तेव्हा तोही आलेला होता, आणि मी, काहीशा आगाऊपणाने, त्याला इंग्वार काम्प्राड यांची गोष्ट ऐकवली. फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीचा हा स्वीडिश संस्थापक अब्जाधीश असूनही वर्षानुवर्षे जुनी व्होल्व्हो मोटार चालवत असे आणि विमानात साध्या वर्गाचे तिकीट काढत असे.

"दादा, गावात दिसाय नको व्हय?" एवढेच तो म्हणाला.

स्वीडनमधील वॉलेनबर्ग घराण्याचे ब्रीद याच्या नेमके उलट आहे. १८५६ साली स्टॉकहोममध्ये बँक काढणाऱ्या या घराण्याने 'असावे, पण दिसू नये' अशा अर्थाचे लॅटिन वचन स्वीकारले. त्यांच्या उद्योगांतील मोठी मालकी प्रतिष्ठानांकडे असून त्यांतले सर्वांत मोठे १९१७ साली स्थापन झाले. तिथला पैसा प्रामुख्याने वैज्ञानिक संशोधनावर खर्च होतो. अर्थात मोनॅकोच्या बंदरातील धनिकांच्या आलिशान नौका पाहिल्यावर सगळेच युरोपीय धनिक या वचनाचे पाईक आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

परंतु न दिसण्याला दुसरी बाजूही आहे. काम्प्राड यांनी १९७३ साली स्वीडन सोडले, ते तिथल्या जबर करांमुळे. आधी डेन्मार्क, मग स्वित्झर्लंड असे करत ते २०१४ साली मायदेशी परतले. कंपनीची मालकीही त्यांनी परदेशांतील प्रतिष्ठानांत अशी गुंफली, की जुनी व्होल्व्हो साऱ्या जगाला दिसली आणि मालकीचा हिशेब मात्र फारच थोड्यांना कळला. आल्डी या जर्मन दुकानांचे मालक आल्ब्रेख्त बंधू लोकांपासून दूर राहिले, त्याला भीतीचेही कारण होते. १९७१ साली थिओ आल्ब्रेख्त यांना पळवून नेण्यात आले आणि सत्तर लाख मार्कांची खंडणी देऊन सतरा दिवसांनी ते सुटले.

काम्प्राडांच्या देशांतराचे ऐकून भाऊ हसला. "म्हंजी गाडी जुनी ठेवली, पण देशच सोडला की! मी निदान पैसा गावात तरी आणला." यावर मला चटकन उत्तर सुचले नाही.

मग मी त्याला जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरातल्या फुगेराय या वसाहतीची गोष्ट सांगितली. याकोब फुगर या सावकाराने १५२१ साली गरजू कॅथलिकांसाठी ही वसाहत विधिवत स्थापन केली. तिथे आजही वर्षाचे भाडे ८८ सेंट, म्हणजे एक युरोही नाही. मात्र रहिवाशांनी फुगर घराण्यासाठी रोज तीनदा प्रार्थना करावी, अशी अट आहे. पाचशे वर्षे आपल्या नावाने प्रार्थना करवून घेणाऱ्या माणसाला दिसण्याची हौस नव्हती, असे मला तरी म्हणवत नाही.

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. गावच्या देवळाच्या सभामंडपाला त्याने देणगी दिली आहे आणि तिथल्या फरशीवर त्याचे नाव कोरलेले आहे. मावशीने चहा आणून ठेवला, तेव्हा त्याने तिला विचारले, "आई, वरच्या चार खोल्या हायस्कूलच्या मास्तरांना दिल्या तर चालंल का?"

"भाडं किती घेणार?" मावशीने विचारले.