आतल्या आरशातील तीन बटणे आणि नाशिकचे सरकते गेट: आजवरची प्रगती

गाडीच्या आतल्या आरशात किंवा सन-व्हायझरमध्ये बसवलेल्या बटणांनी घराचे गेट उघडण्याची सोय अमेरिकेत बऱ्याच वर्षांपासून रुळलेली आहे. होमलिंक या नावाने ती ओळखली जाते, आणि २०१३ मध्ये हा व्यवसाय जॉन्सन कंट्रोल्सकडून आपोआप मंद होणारे आरसे बनवणाऱ्या मिशिगनच्या जेंटेक्स कंपनीकडे गेला. माझी स्कॉर्पिओ नाशिकमध्येच तयार झालेली असली तरी तिच्यात अशी बटणे नाहीत. त्यामुळे अमेरिकी बाजारासाठी बनलेला, खालच्या कडेला तीन बटणे असलेला जुना आरसा मिळवून तो बसवणे आणि गंगापूर रोडवरील आमच्या बंगल्याच्या सरकत्या गेटशी त्याची जुळणी करणे, हा गेल्या उन्हाळ्यापासून माझा छंद झाला आहे. या कामात रस असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून आजवर काय साधले आणि काय सोडून दिले ते येथे नोंदवतो.

आरसा बसवण्यात फारसे सांगण्यासारखे नाही. काचेवरील जुन्या पकडीशी त्याचा सांधा जुळत नव्हता, म्हणून अंबडमधील एका लहान वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा जोडतुकडा करून घेतला. वीज मात्र विचारपूर्वक घ्यावी. बारा व्होल्टची तार बॅटरीवरून थेट न घेता फ्यूज बॉक्समधील अशा जागेवरून घ्यावी की किल्ली फिरवल्याशिवाय तेथे वीज येणार नाही, आणि मध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून वेगळी तार काढणारा जोड) लावावा. गाडी बाहेर उभी असताना कोणी काच फोडून आत हात घातला तरी गेटचे बटण चालू नये, एवढाच यामागील हेतू आहे. मूळच्या काही गाड्यांत ही बटणे किल्ली नसतानाही चालतात. आपण स्वतः तार ओढणार असू तर ती उणीव आपल्याकडे आणण्याचे कारण नाही.

खरा विषय सुरू होतो तो लहरींपासून. अमेरिकेतील गॅरेजची रिमोट प्रामुख्याने ३००, ३१०, ३१५, ३१८ आणि ३९० मेगाहर्ट्झवर चालतात, तर युरोपात आणि आपल्याकडे ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही नेहमीची जागा आहे. माझ्या आरशाच्या पुस्तिकेत २८८ ते ४३३ मेगाहर्ट्झ असा पल्ला दिलेला होता. दशांशानंतरचे ०.९२ त्यात धरलेले आहे की नाही हे पुस्तिकेवरून कळत नव्हते आणि सगळे काम त्यावरच अवलंबून होते. म्हणून आरशाला काही शिकवण्याआधी एक आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी टिपून संगणकाला देणारे छोटे उपकरण) संगणकाला लावले आणि युनिव्हर्सल रेडिओ हॅकर या मोफत प्रणालीत प्रथम गेटचे रिमोट प्रत्यक्षात काय पाठवते ते पाहिले. ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे त्यांनी सर्वप्रथम हे डोंगल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याशिवाय पुढची प्रत्येक पायरी केवळ अंदाजावर चढावी लागते.

पडद्यावर दिसले ते असे. रिमोट ४३३.९२ वरच होते, पण प्रत्येक दाबाला संदेशाचा पहिला भाग पूर्णपणे बदलत होता आणि उरलेला भाग तसाच राहत होता. ही कीलॉक या बदलत्या कोडच्या पद्धतीची ओळखीची खूण आहे. मायक्रोचिप कंपनीच्या एचसीएस३०१ या चिपमधून निघणारा संदेश ६६ बिटांचा असतो. त्यातील ३२ बिट सांकेतिक असतात आणि दर वेळी बदलतात. उरलेल्या ३४ बिटांत रिमोटचा २८ बिटांचा क्रमांक, कोणते बटण दाबले त्याचे ४ बिट आणि स्थितीचे २ बिट असतात. आत एक १६ बिटांचा गणक प्रत्येक दाबाला पुढे सरकतो, आणि गेटकडील रिसीव्हर शेवटच्या स्वीकारलेल्या आकड्याच्या पुढच्या काही आकड्यांपैकीच एखादा मान्य करतो. कोणी संदेश टिपून पुन्हा वाजवला, तर तो शिळा ठरतो.

हे समजल्यावर आरसा आणि हे रिमोट यांचे थेट जुळणार नाही, हेही समजले. आरसा रिमोटचा संदेश जसाच्या तसा साठवतो, असा अनेकांचा समज असतो. तो साध्या, न बदलणाऱ्या कोडपुरताच खरा आहे. बदलत्या कोडच्या बाबतीत आरसा समोरच्या संदेशाची लहर आणि बांधणी पाहून उत्पादक ओळखतो, त्या उत्पादकाची सांकेतिक पद्धत आपल्याजवळ असल्यास स्वतः एक नवे रिमोट बनतो, आणि मग त्या नव्या रिमोटची नोंद गेटच्या मोटरकडे वेगळी करावी लागते. उत्पादकाची गुप्त किल्ली आरशाकडे नसेल तर सगळे तेथेच थांबते. आमच्या रिमोटसमोर धरल्यावर आरशाचा दिवा सावकाश लुकलुकत राहिला आणि त्याचा वेग कधीच वाढला नाही. यावरून आरशाने हे रिमोट ओळखले नाही एवढे निश्चित झाले.

दिव्याच्या या भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रश्न तेथेच अडतात. शिकवण्याची रीत अशी: रिमोट आरशाच्या बटणापासून दोन ते आठ सेंटिमीटर अंतरावर धरावे आणि आरशाचे हवे ते बटण व रिमोटचे बटण एकाच वेळी दाबून ठेवावे. दिवा आधी सावकाश लुकलुकतो आणि संदेश पकडला की भराभर लुकलुकू लागतो. तेव्हा दोन्ही बटणे सोडावीत. त्यानंतर आरशाचे तेच बटण एकट्याने दाबून पाहावे. दिवा स्थिर राहिला तर कोड न बदलणारा होता आणि काम झाले. दिवा साधारण दोन सेकंद भराभर लुकलुकून मग स्थिर झाला तर कोड बदलता आहे. तेव्हा मोटरवरील लर्न बटण (नवे रिमोट नोंदवण्याचे बटण) दाबून साधारण तीस सेकंदांच्या आत गाडीकडे परतावे, आरशाचे बटण दोन सेकंद दाबून सोडावे आणि गरज पडल्यास हे तिसऱ्यांदाही करावे. दिवा नीट लुकलुकतो आणि तरीही गेट हलत नाही, असे घडले तर दोष आरशात शोधत बसू नये. मोटरकडील नोंद राहिलेली असते. दोन माणसे असली तर ही तीस सेकंदांची धावपळ टळते.

काही रिमोट दोन सेकंदांनी आपोआप गप्प होतात आणि आरशाला पुरेसा वेळ मिळत नाही. कॅनडातील नियमांमुळे तेथील रिमोट असेच वागतात, म्हणून आरशांच्या पुस्तिकांत कॅनडासाठी वेगळी सूचना छापलेली असते: आरशाचे बटण दाबूनच ठेवावे आणि रिमोटचे बटण दर दोन सेकंदांनी सोडून पुन्हा दाबावे. आपल्याकडील अनेक स्वस्त रिमोटसाठी हीच सूचना लागू पडते. ती वाचून सोडून देऊ नये. रिमोटमध्ये नवा सेल टाकूनच हे काम करावे. बाहेरील दोन बटणे वीसेक सेकंद एकत्र दाबली की तिन्ही बटणांची स्मृती पुसली जाते, म्हणून एकच बटण बदलायचे असताना ती कृती करू नये. तेच बटण वीस सेकंद दाबून ठेवले की दिवा पुन्हा सावकाश लुकलुकू लागतो आणि तेथून शिकवणे सुरू करता येते.

आता मार्ग दोन उरले होते. एक म्हणजे आरशाला ओळखीचा असलेला अमेरिकी रिसीव्हर मागवून गेटला लावणे. असे जोड-रिसीव्हर मिळतात आणि जुळणीही सोपी होते, परंतु ते ३१५ किंवा ३९० मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे ती ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. छंदापायी त्याबाहेर प्रक्षेपण करणे मला पटत नाही, म्हणून तो मार्ग सोडला. दुसरा मार्ग म्हणजे गेटच्या मूळ रिसीव्हरला हात न लावता त्याच्या शेजारी ४३३.९२ चा दुसरा रिसीव्हर बसवणे आणि त्याचा रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) मोटरच्या कंट्रोल बोर्डवरील स्टार्ट व कॉमन या दोन टर्मिनलांवर आणणे. बोर्डाला हवा असतो तो केवळ पोटेन्शियल-फ्री कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःची वीज न देणारा जोड. भिंतीवरील घंटेच्या बटणासारखे क्षणभर जुळून सुटले की झाले. घरच्या सर्वांची जुनी रिमोट पूर्वीप्रमाणे चालत राहतात, हा यातला मोठा लाभ आहे.

महात्मा गांधी रस्त्यावरून ईव्ही१५२७ चिपचे एक साधे रिमोट आणले. या चिपचा कोड बदलत नाही. त्यात २० बिटांचा क्रमांक, म्हणजे सुमारे साडेदहा लाख शक्यता, आणि बटणांचे ४ बिट असतात. आरशाने हे रिमोट पहिल्याच बैठकीत स्वीकारले, दिवा स्थिर झाला आणि ०.९२ बद्दलची शंकाही मिटली. डोंगलवर मूळ रिमोट आणि आरसा यांचे संदेश एकाखाली एक ठेवून पाहिले, तेव्हा आरशाच्या स्पंदांची लांबी किंचित वेगळी आढळली, पण आखूड आणि लांब स्पंदांमधील एकास तीन हे प्रमाण व सुरुवातीच्या खुणेतील एकास एकतीस हे प्रमाण शाबूत होते. रिसीव्हर प्रमाण पाहतो, त्यामुळे एवढा फरक त्याला खटकत नाही.

न बदलणारा कोड गेटसाठी पुरेसा सुरक्षित आहे का, असा प्रश्न येथे कोणीही विचारील आणि विचारायलाच हवा. तो सुरक्षित नाही. माझ्याकडे आहे तसे डोंगल आणि एक स्वस्त प्रक्षेपक असलेला माणूस रस्त्यावर उभा राहून तो कोड टिपू शकतो. कीलॉकही अभेद्य नाही (जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये चिपच्या वीजवापरावरून तिची गुप्त किल्ली काढून दाखवली होती), पण ते काम आणि कोड नुसता टिपून घेणे यांच्या कष्टांत फार अंतर आहे. म्हणून बाजारातील तयार रिसीव्हर न वापरता ईएसपी३२ या ब्लूटूथ असलेल्या, हवा तसा प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्या छोट्या बोर्डावर स्वतःचा रिसीव्हर बांधला. कोड बरोबर आला तरी गाडीत ठेवलेला ब्लूटूथ टॅग जवळ असल्याखेरीज तो रिले जोडत नाही, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर आरशाचा संदेश मुळीच मानत नाही. त्या वेळी मूळ रिमोट वापरावे लागते. टॅगचीही नक्कल होऊ शकते, याची मला कल्पना आहे. तरीही केवळ कोड टिपून गेट उघडता येऊ नये, एवढे यातून साधते. ज्यांना आरशाच्या स्वतंत्र कोडपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची वाटते त्यांनी मूळ रिमोटच आतल्या बाजूला लपवून त्याच्या बटणाला गाडीच्या एखाद्या रिकाम्या स्विचमधून तार जोडावी. इंदिरानगरमधील एका छंदमित्रांनी तसे केले आहे आणि त्यांची बाजू लंगडी नाही.

पल्ल्याचा प्रश्न पावसाळ्यात समोर आला, परंतु त्याचे कारण पाऊस नव्हता. दिवसा गेट रस्त्याच्या वळणावरूनच उघडत असे आणि संध्याकाळी मात्र गाडी अगदी फाटकाशी आणावी लागे. खांबांवरील एलईडी दिवे बंद केले की पल्ला पूर्ववत होई. स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमधून निघणारा रेडिओ गोंगाट रिसीव्हरला बधिर करतो, ही तक्रार अमेरिकेतील गॅरेजवालेही नेहमी करतात. सुरुवातीला लावलेला सुपररिजनरेटिव्ह (साधा, पण गोंगाटाला लवकर बळी पडणारा) रिसीव्हर काढून सुपरहेटेरोडाइन (हवी ती लहर नेमकी निवडणाऱ्या) प्रकारचा लावला, त्याला १७.३ सेंटिमीटरची सरळ तार अँटेना म्हणून दिली (४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा तेवढाच येतो) आणि रिसीव्हरची डबी दिव्याच्या खांबावरून काढून समोरच्या खांबावर नेली. या तीन बदलांपैकी रिसीव्हरचा प्रकार बदलल्याने सर्वाधिक फरक पडला. दिव्यांचे ड्रायव्हर बदलण्याचे काम अजून बाकी आहे.

गेट रिमोटने चालते म्हणून ते डोळ्याआड चालवण्यास हरकत नाही, असे मुळीच नाही. होमलिंकच्या पुस्तिकांत ठळक इशारा असतो की, अडथळा लागताच थांबून मागे फिरण्याची व्यवस्था नसलेल्या दरवाजासाठी ही बटणे वापरू नयेत. अमेरिकेत १ एप्रिल १९८२ पूर्वी बनलेली यंत्रे या कारणाने वर्ज्य मानली आहेत. आमच्या गेटला फोटोसेलची (किरण अडला की अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरची) एकच जोडी होती, तीही गाडीच्या बंपरच्या उंचीवर, आणि तिच्याखालून कुत्रे किंवा रांगते मूल सहज जाऊ शकते. म्हणून आरशाचे बटण घरातील इतरांच्या हाती देण्यापूर्वी खाली दुसरी जोडी लावली आणि गेट बंद होत असताना लाकडी फळी आडवी घालून ते मागे फिरते याची खात्री करून घेतली.

सध्या पहिले बटण गेटसाठी आणि दुसरे अंगणातील दिव्यासाठी आहे. दिव्यासाठी साधा कोड पुरतो, त्यामुळे तेथे टॅगची अट ठेवलेली नाही. तिसरे बटण सातपूरच्या माझ्या गाळ्याच्या रोलिंग शटरला द्यावे असे अनेकांनी सुचवले, पण त्या शटरला फोटोसेल नाही आणि गाडी उभी राहते तेथून ते पूर्ण दिसतही नाही. दोन्ही गोष्टी सुधारेपर्यंत तिसरे बटण रिकामेच राहील.