पोच घेतलीत का?

"काका, मोबाइलवर दोन मिनिटांत तक्रार होते. तुम्ही अजून कागद घेऊन वॉर्ड ऑफिसला कशाला जाता?" सोसायटीतली मुलं दर पावसाळ्यात हे विचारतात. मागच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने पुन्हा विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मोबाइलचा मला राग नाही. पाणी तुंबलं, झाड पडलं, तर मीही मुंबई महापालिकेच्या 1916 या क्रमांकालाच फोन लावतो. रोजच्या दुखण्यांचं वेगळं असतं. आपलं दुखणं कुणाच्या टेबलावरचं, हेच आधी माहीत नसतं.

निवृत्तीनंतरचा माझा पहिला अर्ज दोन पानी होता. गटाराचं तुटकं झाकण, वायरींवर आलेली फांदी, पाण्याची बदललेली वेळ, आणि शेवटी नागरी कर्तव्यांवर छोटंसं प्रवचन. आवक टेबलावरच्या बाईंनी सगळं वाचलं आणि विचारलं, "काका, हा पाठवू कुठे?" फांदी उद्यान खात्याची, पाणी जलखात्याचं. झाकण पावसाच्या गटाराचं असेल तर पर्जन्य जलवाहिन्या, मैल्याचं असेल तर मलनिःसारण. ते कुठलं हे मला सांगता येईना. बारा वर्षं रोज त्याच्यावरून चाललो होतो! "बघून या," म्हणाल्या. गेलो, वाकून वास घेतला (हसू नका), आणि तीन वेगळे अर्ज केले.

झाकण आठवड्यात बदललं. फांदीला महिना लागला. पाण्याची वेळ काही बदलली नाही, पण पाणी सोडणारा चावीवाला एकदा भेटला तेव्हा त्याने रस्त्यात उभं राहून समजावलं, टेकडीवरच्या वस्तीला आधी सोडावं लागतं, नाहीतर तिथे थेंब चढत नाही. त्यानंतर मी तो अर्ज पुढे रेटला नाही.

पोच म्हणजे आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक. तेवढ्याने काम होत नाही. पण तो क्रमांक हातात असला, की 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात विचारता येतं, या अर्जाचं काय झालं? उत्तराला मुदत 30 दिवस. आपल्या राज्यात तो अर्जही 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो. माझ्यासारख्याला ही शिस्त हवीच होती.

7 मार्च 2022 ला 227 नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. त्या काळात बरेच जण पहिल्यांदाच वॉर्ड ऑफिसचा जिना चढले, कारण "साहेबांना सांगतो" म्हणायला साहेबच नव्हते. त्याने लोक शहाणे झाले असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नगरसेवक प्रभाग समितीत उठून सगळ्यांसमोर अधिकाऱ्याला जाब विचारू शकतो. माझा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो.

कागद एकत्र आले तर मात्र वजन पडतं. 2015 मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले लोकांनी शोधले. हरकती-सूचनांचा ढीग लागला आणि एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा रद्द केला. सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला. त्या ढिगात माझंही एक पान होतं, त्याची पोच अजून जपून ठेवली आहे. पण हरकत घ्यायची म्हणजे आधी कुणीतरी आराखडा काढून झालेला असतो. काढण्याआधी विचारायची जागा म्हणजे क्षेत्रसभा, मतदारांनी आपल्या भागापुरतं बसून बोलायचं. राज्याच्या कायद्यात ती 2009 पासून आहे. मला तिचं बोलावणं अजून आलेलं नाही.

हे सगळं मी त्या मुलीला जिन्यातच सांगितलं. गुरुवारी तिने स्वतः अर्ज दिला, कोपऱ्यावरच्या बंद दिव्याचा. दुपारी व्हॉट्सॲपवर शिक्क्याचा फोटो आला. शिक्का अर्धाच उमटला होता, तारीख वाचता येत नव्हती. म्हटलं, पाचच्या आत परत जा.